दुरुस्तीचे संकेत, मुक्तस्रोत आज्ञावलींतील

ज्या संगणकीय आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व बदललेल्या स्वरूपात पुन्हा वाटण्याची मोकळीक परवान्याने सर्वांना दिलेली असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीत कोणी सुचविलेला नेमका बदल ज्या लेखी स्वरूपात पाठविला जातो, त्याला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, हे नाव रूढ झाले आहे. ठिगळ पाठविणारा आणि ते स्वीकारणारा परिरक्षक हे बहुधा एकमेकांना कधीही भेटलेले नसतात. त्यांच्यात मालक-नोकर असे नातेही नसते. तरीही बँका, रुग्णालये, रेल्वे, दूरध्वनी आणि शासकीय कार्यालये ज्यांवर विसंबून असतात अशा आज्ञावली या देवघेवीतून सिद्ध झाल्या आहेत. ही देवघेव सुरळीत चालावी म्हणून गेल्या चार दशकांत जे लेखी-अलेखी संकेत निर्माण झाले, त्यांचा इतिहास म्हणजे अनोळखी माणसांनी परस्परांवर विश्वास कसा व किती ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास होय.

स्वरूप : ठिगळ ही साध्या मजकुराची एक छोटी धारिका असते. कोणत्या धारिकेत व कोणत्या ओळीपाशी बदल करावयाचा आहे हे तिच्यात प्रथम नमूद केलेले असते. काढून टाकावयाच्या ओळींपूर्वी वजाचे व नव्या ओळींपूर्वी अधिकाचे चिन्ह असते. बदलाची जागा चुकू नये म्हणून मागच्यापुढच्या काही ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. संपूर्ण आज्ञावली पुन्हा न पाठविता केवळ फरक पाठविण्याची ही रीत असल्याने वाचणाऱ्याला काय बदलले ते एका दृष्टिक्षेपात कळते. शब्दाचे मूळ मात्र अक्षरशः ठिगळातच आहे. आज्ञावली जेव्हा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर किंवा पत्त्यांवर उतरवीत, तेव्हा चुकीचे छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून बुजविण्यात येई आणि आवश्यक तेथे फितीचा नवा तुकडा जोडण्यात येई.

ठिगळ ज्या आवृत्तीसाठी तयार केले असेल त्याच आवृत्तीवर ते नीट बसते. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गाने दारव्हा भागातून जाणारा कापूस मूर्तिजापूरला उतरवून मुंबई–नागपूर मार्गाच्या रुंदमापी गाडीत पुन्हा चढवावा लागे. कारण एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. जुन्या आवृत्तीवर बेतलेले ठिगळ नव्या आवृत्तीपाशी आले की तशीच स्थिती होते, आणि ही उतारचढाव कोणी करावी हा या व्यवहारातील पहिला प्रश्न ठरतो. ती पाठविणाऱ्याने करावी, असे संकेताने ठरले आहे.

पूर्वपरंपरा : अनेकांच्या हाती असलेल्या मजकुरात कोणी, कसा व कोणत्या अधिकाराने बदल करावा, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मराठीत त्याचे ठळक उदाहरण ज्ञानेश्वरीचे होय. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे सुमारे तीनशे वर्षे हस्तलिखित नकलांतून पसरला. नकलाकारांचे हस्तदोष, न कळलेल्या शब्दांच्या जागी घातलेले सोपे शब्द आणि भाविकांनी पदरच्या घातलेल्या ओव्या यांमुळे प्रतीप्रतींत अंतर पडत गेले. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती पडताळून ग्रंथाचा शुद्ध पाठ निश्चित केला. त्यांनी आपण काय केले व केव्हा केले याची नोंद ग्रंथाच्या शेवटी केली, आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी मिसळू नये असा इशारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्याचा दाखला देऊन दिला. ताडून पाहणे, दुरुस्तीची तिथी व कर्ता नोंदविणे आणि मूळ ग्रंथकाराच्या शब्दांत आपले शब्द न मिसळणे, हे तीन नियम त्यात स्पष्ट दिसतात. मात्र कोणते पाठ त्यांनी वगळले व का वगळले, याची तपशीलवार नोंद मागे राहिली नाही. त्यामुळे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा मूळ पाठ कोणता, हा वाद नव्याने उभा राहिला.

ही उणीव भरून काढणारी पद्धती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी अवलंबिली. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले वि. सी. सुखटणकर यांनी असा दंडक घातला की, स्वीकारलेला पाठ पृष्ठाच्या वरच्या भागात छापावा आणि नाकारलेले पाठभेद कोणत्या हस्तलिखितात आढळतात ते खाली नोंदवावे. ज्या शब्दांविषयी संपादकाची पुरेशी खात्री नसेल त्यांखाली नागमोडी रेषा छापण्यात आली. अशा रीतीने संपादकाचा निर्णय मान्य नसणाऱ्या वाचकाला तो निर्णय उलटवून पाहण्याची साधनेही त्याच पृष्ठावर उपलब्ध झाली. मुक्तस्रोत प्रकल्पांच्या दप्तरात प्रत्येक बदलाचा कर्ता, दिनांक, कारण आणि पूर्वीचा मजकूर कायम राहतो, त्यामागील भूमिका हीच आहे. [⟶ पाठचिकित्सा].

इतिहास : संगणकाच्या आरंभकाळात आज्ञावली हा यंत्राबरोबर येणारा अनुषंगिक भाग मानला जाई. १९५५ मध्ये अमेरिकेत आयबीएम यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला व ते आपल्या आज्ञावली आणि दुरुस्त्या एकमेकांना देऊ लागले. दोन धारिकांतील फरक यंत्रानेच शोधून दाखवावा यासाठी बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ ही आज्ञावली तयार केली. १९७४ मध्ये युनिक्स प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ती वितरित झाली. फरक काढता येऊ लागला, तरी तो दुसऱ्याच्या प्रतीत हाताने उतरवावा लागे. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिने डिफने काढलेला फरक वाचून तो दुसऱ्याच्या प्रतीत आपोआप बसविण्याची सोय केली. दोन्ही प्रतींत थोडेफार अंतर असले, तरी भोवतालच्या ओळींवरून योग्य जागा शोधण्याची हुशारी तिच्यात होती. दूरदूरच्या माणसांनी एकाच आज्ञावलीवर काम करणे यामुळे व्यवहार्य झाले.

त्याच सुमारास परवान्याची चौकटही तयार होत होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. बदल करण्याचा हक्क या परवान्याने दिला. परंतु तो बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारलाच पाहिजे असा हक्क कोणालाही दिला नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. आपल्या प्रतीत कोणीही काहीही बदलू शकतो. सर्वांच्या प्रतीत बदल व्हावा असे वाटत असेल, तर मात्र दुसऱ्याची संमती मिळवावी लागते. शिष्टाचाराची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी आपण एक कार्यप्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. सुमारे दहा हजार ओळींचे हे गाभ्याचे काम ‘लिनक्स’ या नावाने वाढत गेले. १९९५ मध्ये एका बंद पडत चाललेल्या वेबसेवक आज्ञावलीची ठिगळे एकत्र करून काही जणांनी ‘ॲपाची’ हा प्रकल्प उभा केला. ठिगळांनी बनलेला म्हणून ॲपाची, अशी त्या नावाची लौकिक व्युत्पत्ती सांगितली जाते. अमेरिकेतील त्या नावाच्या आदिवासी जमातींविषयीच्या आदरातून ते नाव घेतल्याचेही प्रकल्पाकडून सांगण्यात आले आहे. बदल मान्य असल्यास ‘अधिक एक’ व अमान्य असल्यास ‘वजा एक’ असे मत नोंदविण्याची पद्धत ॲपाचीने रूढ केली. एका सदस्याचे ‘वजा एक’ही बदल रोखू शकते; परंतु त्याबरोबर तांत्रिक कारण दिले नसेल, तर ते मत निरर्थक ठरते. नकाराला कारणाची जोड असलीच पाहिजे, हा संकेत अशा प्रकारे लेखी नियम झाला.

लिनक्समध्ये दीर्घकाळ सर्व ठिगळे ई-पत्राने टॉर्व्हाल्ड्‌स यांच्याकडे येत व ते ती स्वतः बसवीत. कामाचा व्याप वाढला, तशी अनेक ठिगळे उत्तराविना हरवू लागली. १९९८ मध्ये व पुन्हा २००२ च्या आरंभी यावरून मोठा वाद झाला. प्रत्येक विभागाला स्वतंत्र परिरक्षक नेमणे, त्यांची नावे एका धारिकेत जाहीर ठेवणे आणि बदलांच्या नोंदीसाठी बिटकीपर ही खाजगी मालकीची प्रणाली वापरणे, असे मार्ग त्यावर पुढे आले. एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आल्यावर टॉर्व्हाल्ड्‌स यांनी काही दिवसांतच ‘गिट’ ही नोंदप्रणाली लिहिली. बदल लिहिणारा आणि तो दप्तरात दाखल करणारा यांची नावे गिटमध्ये वेगवेगळी राहतात. त्यामुळे एखादा बदल पाच जणांच्या हातांतून गेला, तरी मूळ लेखकाचे श्रेय पुसले जात नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या सेवेने बदल स्वीकारण्याची विनंती एका कळीवर आणून ठेवली. लिनक्सच्या गाभ्यात मात्र अद्यापही बहुतांश देवघेव साध्या ई-पत्रांनीच चालते. या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणपणे नऊ ते दहा आठवड्यांनी निघते व प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात.

२००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा दाखल करून आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये शिरल्याचा आरोप केला. प्रत्येक ओळ कोठून आली हे सांगता आले पाहिजे, याची जाणीव त्यामुळे तीव्र झाली. २००४ मध्ये लिनक्सने उगमाचे प्रतिज्ञापत्र लागू केले. हा मजकूर मी लिहिला आहे किंवा तो देण्याचा मला अधिकार आहे आणि ही नोंद कायम व जाहीर राहील, असे त्याचे तात्पर्य असून ते मान्य असल्याची खूण म्हणून प्रत्येक ठिगळाखाली पाठविणाऱ्याने व ते पुढे नेणाऱ्या प्रत्येक परिरक्षकाने आपले नाव घालावयाचे असते. कोणताही मुद्रांक, साक्षीदार वा शिक्का नसलेली ही एक ओळ आज हजारो प्रकल्पांत प्रमाण मानली जाते.

प्रमुख संकेत : वेगवेगळ्या प्रकल्पांचे नियम तपशिलात भिन्न असले, तरी त्यांचा गाभा समान आहे. ते पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला संकेत पूर्वतयारीचा. ठिगळ पाठविण्यापूर्वी प्रकल्पाची नियमावली वाचावी, तोच दोष कोणी आधी कळविला आहे काय ते पाहावे आणि ताज्या आवृत्तीवर बदल करून तो चालतो याची स्वतः परीक्षा घ्यावी. मोठा बदल करावयाचा असल्यास आधी हेतू कळवून मत घ्यावे. कित्येक महिन्यांचे काम अनपेक्षितपणे दारात आणून ठेवल्यास ते नाकारणे दोघांनाही जड जाते.

दुसरा संकेत एका ठिगळात एकच बदल करण्याचा. दोष दुरुस्त करता करता ओळींची मांडणी सुधारणे किंवा न पटलेली नावे बदलणे हा मोह आवरावा लागतो. कारण पुढे दोष आढळल्यास नेमका एकच बदल मागे घेता आला पाहिजे. मांडणीच्या बाबतीत स्वतःच्या आवडीपेक्षा त्या प्रकल्पाची रीत पाळावयाची असते. लिनक्समध्ये समास आठ अक्षरांचा, तर अन्यत्र तो चार किंवा दोन अक्षरांचा असतो.

तिसरा संकेत निवेदनाचा आहे. काय बदलले हे ठिगळावरूनच दिसते. ते का बदलले, हे निवेदनात लिहावयाचे असते. पहिली ओळ थोडक्यात विषय सांगणारी असावी. नंतर दोष कोणाला, कोणत्या परिस्थितीत जाणवतो आणि हाच उपाय का निवडला, ते लिहावे. हे निवेदन दहा वर्षांनी, लेखक उपलब्ध नसताना वाचले जाईल असे समजून लिहावे, असा अनुभवी परिरक्षकांचा आग्रह असतो.

चौथा संकेत संभाषणाचा. उत्तर देताना आधीचा संपूर्ण मजकूर खाली तसाच न ठेवता ज्या वाक्याला उत्तर द्यावयाचे त्याच्या लगेच खाली आपले म्हणणे लिहावे. सूचनांप्रमाणे सुधारलेले ठिगळ दुसरी, तिसरी अशी आवृत्ती घालून पाठवावे व आधीच्या आवृत्तीपासून काय बदलले ते सांगावे. उत्तर न आल्यास किमान एक आठवडा थांबावे; मग तक्रारीचा सूर न लावता पुन्हा पाठवावे. एखादी सूचना पटली नाही, तर ती दुर्लक्षित करू नये, कारण देऊन नाकारावी. सुरक्षेला बाधक दोष मात्र जाहीर न करता प्रथम खाजगीरीत्या कळवावा.

पाचवा संकेत श्रेयाचा. दोष कोणी कळविला, उपाय कोणी सुचविला, परीक्षा कोणी घेतली व तपासणी कोणी केली, यांची नावे स्वतंत्र ओळींत नोंदविली जातात. ‘तपासले’ या शब्दाला येथे जबाबदारीचा अर्थ आहे. न वाचता दिलेली संमती ही खोटी साक्ष समजली जाते.

परिरक्षकाची कर्तव्ये : संकेत केवळ पाठविणाऱ्यावरच बंधनकारक नाहीत. परिरक्षकाने नकाराचे कारण द्यावे, दोष मजकुराचा काढावा, माणसाचा काढू नये आणि नवख्याच्या ठिगळात किरकोळ फेरफार करून ते स्वीकारताना लेखक म्हणून त्याचेच नाव राखावे, अशी अपेक्षा असते. व्यवहारात या अपेक्षेचा भंग वारंवार झाला. लिनक्सच्या पत्रव्यवहारातील कठोर व अपमानकारक भाषा ही अनेकांनी काम सोडण्याचे कारण ठरली. स्पष्टवक्तेपणामुळे दर्जा टिकतो, असे तिचे समर्थन दीर्घकाळ केले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉर्व्हाल्ड्‌स यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. तथापि परिरक्षकाची अडचणही लक्षात घेतली पाहिजे. ठिगळ देणारा देऊन मोकळा होतो. ते पुढे अनेक वर्षे सांभाळण्याचे ओझे स्वीकारणाऱ्यावर पडते. म्हणून फुकट मिळालेला प्रत्येक बदल स्वस्त नसतो.

विश्वासाची कसोटी : हे संकेत औपचारिक सोपस्कार नव्हेत, हे काही घटनांनी सिद्ध केले. २००६ मध्ये डेबियन या वितरणातील एका परिरक्षकाने ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या आज्ञावलीतून दोषशोधक साधनाला खटकणाऱ्या ओळी काढल्या. त्याने मूळ प्रकल्पाच्या पत्रव्यवहारात विचारणा केली होती. परंतु आपण डेबियनच्या वतीने, प्रत्यक्ष वापराच्या प्रतीत बदल करणार आहोत हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले नाही आणि उत्तर देणाऱ्यांनीही तो प्रश्न सहज घेतला. बदल मूळ प्रकल्पाकडे रीतसर तपासणीस गेलाच नाही. परिणामी गुप्त कळा तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या केवळ ३२,७६८ कळा संभवू लागल्या. मे २००८ मध्ये दोष उघड होईपर्यंत जगभर अशा कमकुवत कळा वापरात होत्या. अपुऱ्या निवेदनाची ही किंमत होती.

दुसरी घटना त्याच आज्ञावलीची. ३१ डिसेंबर २०११ रोजी तीत दाखल झालेल्या एका बदलात मागितलेल्या मजकुराची लांबी पडताळण्याचे राहून गेले. लेखकाच्या आणि तपासणाऱ्याच्याही ते लक्षात आले नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष जाहीर झाला, तेव्हा त्यातून सेवकयंत्राच्या स्मृतीतील परवल व कळा बाहेरच्याला वाचता येत असल्याचे आढळले. बदलाची रीत पाळली गेली होती. परंतु निम्मे जग वापरत असलेली आज्ञावली मोजक्या माणसांच्या डोळ्यांवर सोपविलेली होती. संकेत उत्तम असले, तरी ते पाळायला पुरेशी माणसे लागतात, हा त्याचा धडा होय.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी जाणीवपूर्वक सदोष ठिगळे लिनक्सकडे पाठवून तपासणी फसते काय, असा प्रयोग केल्याचे प्रकरण गाजले. परिरक्षकांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबविले, जुने बदल पुन्हा तपासले, आणि संशोधकांनी क्षमा मागून आपला निबंध मागे घेतला. परवानगीवाचून माणसांवर प्रयोग करणे हा त्यांचा मुख्य प्रमाद मानला गेला.

सर्वांत गंभीर घटना २०२४ ची. एक्सझेड या मजकूर संकोचनाच्या आज्ञावलीचा सांभाळ एकच थकलेला स्वयंसेवक करीत होता. २०२१ पासून जिया टॅन असे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने तिला नीटनेटकी, नियमानुसार ठिगळे पाठविण्यास आरंभ केला. दुसऱ्या अनोळखी नावांनी काम संथ चालल्याची तक्रार करून जुन्या परिरक्षकावर दबाव आणला गेला, आणि कालांतराने जिया टॅनकडे सहपरिरक्षकाचे अधिकार आले. त्यानंतर आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये एक चोरदरवाजा दडविण्यात आला. २९ मार्च २०२४ रोजी आंड्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाने तो जाहीर केला. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या किरकोळ शंकेचा त्याने पाठपुरावा केला होता. शिष्टाचाराचे काटेकोर पालन हाही मुखवटा होऊ शकतो, हे यावरून दिसून आले. तसेच ज्यांनी तक्रारींचा भडिमार केला त्यांनी संकेत मोडला होता आणि तो भंग कोणी गंभीरपणे घेतला नाही, हेही नोंदविण्यासारखे आहे.

मराठीच्या संदर्भात : मराठी भाषकांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. संगणकावरील मराठी अक्षरे, शब्द व स्थलनामे यांतील कित्येक दोष बाहेरच्या तंत्रज्ञांना दिसणेच शक्य नसते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत विद्वान व स्वयंपाकी यांचा भेद आहे आणि तो भेद केवळ ‘र’च्या रूपावर अवलंबून आहे. हिंदीत हे आडवे, चंद्रकोरीसारखे अर्धे रूप लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या अक्षरसंचांत त्याकडे दुर्लक्ष झाले, तर आश्चर्य नाही. यूनिकोड संकेतप्रणालीत ‘ऱ’ या वर्णाला हलन्त जोडून हे रूप साधण्याचा नियम आहे. ‘ॲ’ या मराठी वळणाच्या स्वराला तर २००८ मधील ५.१ या आवृत्तीत प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तोपर्यंत हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावे लागे. अशा मागणीबरोबर छापील पुस्तकांतील वापराचे पुरावे जोडावे लागतात. भावनेपेक्षा पुराव्याला मान, हा संकेत येथेही लागू पडतो.

रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याने प्रसिद्ध केलेला ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा अक्षरसंच २०११ मध्ये मुक्त अक्षरसंच परवान्याखाली आला. मराठी ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीच्या वर्णमालेचे व लिपीचे प्रमाणीकरण केल्यामुळे अशा दुरुस्त्या सुचविणाऱ्याला आपल्या पसंतीऐवजी अधिकृत आधार दाखविणे शक्य झाले. मराठी भाषांतरांच्या बाबतीत वाद अधिक असतात. ‘फाईल’ ठेवावे की ‘धारिका’ म्हणावे, यावर दोन सुबुद्ध माणसांचे एकमत होईलच असे नाही. अशा वेळी एकाने दुसऱ्याचे शब्द परस्पर पुसण्याऐवजी प्रकल्पाची शब्दसूची आधी ठरवून घेणे व मग तिला अनुसरणे हाच मार्ग टिकाऊ ठरला आहे.

मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत याच्या उलट आहे. तेथे बदल आधी होतो आणि तपासणी नंतर; आधीची प्रत्येक आवृत्ती सुरक्षित असल्याने चूक मागे घेता येते. लेखातील चुकीमुळे गैरसमज पसरतो, तर कार्यप्रणालीतील चुकीमुळे यंत्रे बंद पडतात; हे धोक्याचे अंतर लक्षात घेता दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य म्हणाव्या लागतील. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशाही असाच चालतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे नाव रोमन लिपीत जोडून लिहावे की तोडून, गावातील एखादा रस्ता पावसाळ्यात चालू असतो की नाही, हे दूरच्या नकाशाकाराला ठाऊक नसते. गावातील शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्या मुलाला दुरुस्ती करण्यासाठी पदवी, ओळख वा शिफारस लागत नाही. मात्र आपण हे प्रत्यक्ष पाहून लिहिले, दुसऱ्याच्या हक्काधीन नकाशातून उतरवून घेतले नाही आणि अमुक कारणाने बदलले, एवढे त्याने नोंदवावे लागते. लिनक्सच्या परिरक्षकाची अपेक्षाही याहून फारशी वेगळी नसते.

मुक्तस्रोत चळवळीचे मूल्यमापन करताना तिच्या परवान्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या संकेतांची त्यामानाने कमी झाली. परवाना दार उघडे ठेवतो. आत आलेल्याने कसे वागावे आणि यजमानाने त्याचे म्हणणे कसे ऐकावे, हे संकेत ठरवितात. यंत्रांकडून आज्ञावली लिहवून घेण्याची सोय अलीकडे झाल्यामुळे न वाचलेल्या व न समजलेल्या मजकुराची ठिगळे परिरक्षकांकडे मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत आणि काही प्रकल्पांनी अशा ठिगळांवर निर्बंधही घातले आहेत. मजकूर कोणीही वा कशानेही लिहिला असो, त्याखाली नाव घालणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यावी, हा २००४ चा नियम या परिस्थितीत अधिकच महत्त्वाचा ठरत आहे. आपली दुरुस्ती इतरांना तपासता येईल अशा स्वरूपात ठेवणे आणि ती नाकारली गेली तरी कारण समजून घेणे, ही शिस्त एकनाथकालीन पाठशुद्धीपासून आजच्या आज्ञावलींपर्यंत सामायिक ग्रंथाच्या रक्षणाची अट राहिली आहे. [⟶ संगणक].